फौज बोलावण्याचा अधिकार

ती सकाळ अजून मनातून गेलेली नाही. पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यावर मी कुवेतमध्ये, जहराजवळच्या एका कामगार कॅम्पवर सुरक्षा अधिकारी होतो. पत्नी वारली होती. गावच्या रिकाम्या घरापेक्षा तिथली खोली बरी वाटायची.

सकाळच्या चहाला मेसमधला रत्नागिरीचा स्वयंपाकी हळूच म्हणाला, की आज कुणी कामाच्या बसमध्ये चढणार नाही. सहाला दोनशे माणसे फाटकाशी येऊन बसली. घोषणा नाहीत, दगड नाहीत.

मॅनेजर घाबरला. ‘दंगलीची शक्यता’ असा अहवाल मी द्यावा, म्हणजे त्याला सशस्त्र दल मागवता येईल, असे तो म्हणाला. पोलिसात असताना एकदा मी अशी मागणी केली होती. दंडाधिकाऱ्यांचा लेखी आदेश झाला, राखीव दल आले. कागद बिनचूक होते, तरी बघ्यांमधला एक माणूस गोळीने गेला. त्याचा पंचनामा मीच लिहिला. इथे अधिकार माझा नव्हता, पण शब्द माझा जाणार होता. मी दोन तास मागून घेतले.

पुढे बसलेल्या मालवणच्या सुताराला आत बोलावले. हे कुणी घडवले, असे तीनदा विचारले. कट करणारा माणूस आधी दुसऱ्याचे नाव घेतो. याने स्वतःचेच सांगितले. मग म्हणाला, “आमच्या माणसाक हयच पुरल्यानी, साहेब. कोणाक सांगूक पण नाय.”

त्याच्या खोलीतला प्लंबर आठवड्यापूर्वी झोपेतच गेला होता. कंपनीने त्याला इथेच परस्पर पुरले, अशी कॅम्पवर समजूत झाली होती. मी ऑफिसात चौकशी केली. मृतदेह इस्पितळाच्या शवागारातच होता, एका शिक्क्यासाठी कागद अडले होते. हे कामगारांना कळवावे, असे कुणालाच सुचले नव्हते.

सुताराला गाडीत घालून मी शवागारात नेले. त्याने जवळ जाऊन चेहरा ओळखला. परत आल्यावर फाटकाशी उभा राहून एवढेच म्हणाला, “शवागारातच आसा तो. मी बघलंय.” माणसे उठून बसकडे गेली.

अहवालात संपाचा ‘प्रमुख’ म्हणून एक नाव लागते. सवयीने मी सुताराचे लिहिले. चार दिवसांनी मृतदेह मायदेशी निघाला, आणि त्याच विमानाने कंपनीने सुतारालाही कायमचे परत पाठवले.

फौज कुणी बोलवायची, ते कायदा सांगतो. त्याआधी माणसांत जाऊन कुणी बसायचे, ते सांगत नाही. तेवढे मी केले. पण माझ्या लेखणीनेही एक माणूस जायबंदी होतो, हे उशिरा शिकलो.

विमानतळावर मी त्याची माफी मागितली. त्याने बॅग खाली ठेवून विचारले, “साहेब, तुमचा हय कोण आसा? उद्या काय झाला तर बघूक कोण येतलो?”

मी वाकून त्याची बॅग उचलली आणि त्याच्याबरोबर आतल्या दारापर्यंत गेलो.