पानावरचा घास

भाऊंचं जेवण सगळ्यांच्या आधी व्हायचं आणि पानावरून ते सगळ्यांच्या शेवटी उठायचे. भाताचा एक घास राखून, खरकटा हात तसाच धरून बसायचे. पंगतीतला शेवटचा खादाड 'पुरे' म्हणाला की मगच तो घास तोंडात टाकायचे. अमरावतीला आमच्या होस्टेलची खाणावळ आम्ही विद्यार्थीच चालवत असू. तिला आम्ही ऐटीत 'क्लब' म्हणत असू आणि भाऊ तिचे सेक्रेटरी. अकोटकडच्या शेतकऱ्याचे चिरंजीव, बी.ए.ला दुसऱ्यांदा बसलेले. क्लबाचा कडक नियम एकच. एक उठला की पंगत उठली, मग कुणाच्या पानावर काही का असेना.

हा नियम मला घरीही शिकवलेला होता, म्हणून तर लाज जास्त! मी संत्र्यांच्या मोर्शीहून नवा नवा आलेलो. चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की माझे कान लाल व्हायचे. पहिल्याच रविवारी पुरणपोळीच्या पंगतीत समोरचा वकिलाचा मुलगा म्हणाला, "काय हो मोर्शीकर, तोंडात संत्रं धरून बसलात की काय?" सगळे खो खो हसले. मला काय झालं देव जाणे! ताडकन उठलो आणि खोलीकडे पळालो. पोळीवर नुकतं तूप पडलेलं आणि सगळी पंगत हात धुवायला, माझ्यापायी!

मी ट्रंक भरायला घेतली. गावी जायचं, बाबांना सांगायचं की शिक्षण आपल्याला झेपत नाही. तेवढ्यात भाऊ आले.

"कुठं चालला?"

"घरी. इथे तोंड दाखवायची लाज वाटते."

भाऊ ट्रंकेवरच बसले. "अरे बावा, लाज तर वाटनच. पन ते घेऊन मोर्शीले कायले जातं? संध्याकाळी ये. ज्यायले उपाशी उठवलं, त्यायले आता तूच वाढ."

वाढलं. मान खाली घालून वाढत होतो, तरी वरण पानाबाहेर! वकिलाचा मुलगा म्हणाला, "वाढा, वाढा, दुपारची भूक आहे." मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाऊ मागून म्हणाले, "पानाकडे काय पायतं? तोंडाकडे पाय. नाव घे, मंग वाढ."

महिनाभर त्यांनी मला बसू दिलं नाही. नावं घेता घेता कुणाला कांदा लागतो, कुणाची आई आजारी आहे, हे कळायला लागलं. आग्रह करता करता मी चिडवायलाही शिकलो. पुढे भाऊंनी मला वादविवाद मंडळात ढकललं. "पंगत समज अन् बोल. पुरे म्हनत नाईत तोवर वाढत राय." मी बोललो. कान लाल होतेच, पण बोललो.

पुढच्या वर्षी कॉलेज उघडलं तेव्हा भाऊंचा निकाल लागलेला होता. पुन्हा नापास! सुट्टीभर ते घरी गेलेच नव्हते. शेवटी वडिलांचा निरोप आला, सामान घेऊन ये. निघायच्या दिवशी होस्टेलमागच्या चिंचेखाली आम्ही कणकेचे रोडगे भाजले. वरण, वांग्याची भाजी, तुपात बुडवलेले रोडगे. वाढायला मी आणि निरोपाचं बोलायलाही मीच. बोललो, सगळे हसले, एकदोघांनी डोळे पुसले. आता पंगत उठायची. पण भाऊंच्या पानावर तो घास तसाच.

"भाऊ, घास?" मी वाकून विचारलं.

"थांब ना रे," ते हळूच म्हणाले. मान खाली होती. "उठलो का अकोटची मोटर हाय. बाबाले तोंड दाखवाची लाज वाटते मले."

आम्हाला बोलायला शिकवणारा हा माणूस, आणि त्याला धीर द्यायला माझ्याजवळ एक शब्द नाही! माझीच मला लाज वाटली.

वाढणाऱ्याचं जेवण अजून व्हायचंच होतं. मी पत्रावळ घेऊन भाऊंना खेटून बसलो आणि वकिलाच्या मुलाला म्हणालो, "आता तुम्ही वाढा." तो समजला. वाळलेल्या खरकट्या हातांनी सगळे पुन्हा नीट मांडी घालून बसले.

त्या दिवसाइतका सावकाश मी जन्मात कधी जेवलो नाही.