अस्वलाच्या पोटातला लाल मोर

मी फार बोलत नाही. घरचे त्याला स्वभाव म्हणतात. खरं म्हणजे बोलायला लागलो असतो, तर एक गोष्ट तोंडातून निसटली असती.

कळंबोलीत माझा प्लास्टिकच्या पिशव्यांचा छोटा कारखाना आहे. प्रत्येक पिशवीवर आमचा छाप, लाल मोर. धाकटी बहीण शाळेत चित्रकला शिकवते. आठ वर्षांपूर्वी, खांदा कॉलनीतल्या आमच्या सोसायटीच्या गणपतीचा देखावा तिच्याकडे होता. तिने उत्तर ध्रुव केला. तारेच्या सांगाड्यावर दुधाच्या धुतलेल्या पिशव्या शिवून पांढरं अस्वल, शेजारी पिल्लू. अस्वलाचं पोट पारदर्शक. आत आदल्या वर्षीच्या विसर्जनानंतर गाढी नदीकाठी तिने वेचलेल्या, लोकांनी निर्माल्यासकट फेकलेल्या पिशव्या. सगळ्यांवर लाल मोर.

मूर्ती यायच्या आदल्या दुपारी कमिटी बघायला आली. सेक्रेटरी पोटाशी वाकले.

“काय शेठ, थेट उत्तर ध्रुवावर एक्स्पोर्ट? बोलला नाहीत कधी!”

सगळे खो खो हसले.

“ते मोर काढ,” मी बहिणीला म्हणालो.

“कशाला, दादा? जे सापडलं तेच लावलंय. नदीतून खाडीत, खाडीतून समुद्रात. पोरांना तेच तर दाखवायचंय.”

मंडपवाल्याची पहार खांबाला टेकलेली होती. पहिल्या घावात अस्वलाचा जबडा उडाला, दुसऱ्यात मान. तुटलेली तार माझ्या गालात घुसली, रक्त कॉलरवर आलं, तसा मी आणखीच पिसाळलो. पोट फाडलं. मग पिल्लाकडे वळलो.

“दादा, पिल्लू नको!” ती त्याच्यावर आडवी पडली. उजवा हात वर.

पहार खाली आली. ओला बांबू चिरावा तसा आवाज झाला. ती किंचाळत होती, आणि त्यानंतरही मी अस्वलाला दोनदा हाणलं.

डॉक्टरांना सेक्रेटरींनीच सांगितलं, “शिडीवरून पडली.” दुसऱ्या दिवशी गणपती बसायचे होते, पोलीस कुणालाच नको होते. मी घरात एवढंच म्हणत राहिलो, की रागाच्या भरात मला तिचा हात दिसलाच नाही. तिने ते मानलं. दर भाऊबीजेला ओवाळलंसुद्धा.

तिची दोन बोटं अजून वळत नाहीत. फळ्यावर लिहिताना खडू सुटतो.

गेल्या रविवारी ती तारेचं भेंडोळं घेऊन आली. “शाळेत पुन्हा अस्वल करायचंय. मला तार वळवत नाही. तू येशील?”

इतक्या साधेपणाने विचारलं, की मला राहवेना.

“तुझा हात मला दिसला होता,” मी म्हणालो. “पहार वर होती तेव्हाच. थांबवता आली असती.”

“मग?”

“नाही थांबवली. मारायचंच होतं मला. तुला.”

तिने भेंडोळं जमिनीवर ठेवलं.

“आठ वर्षं मी स्वतःला शिव्या घालतेय,” ती म्हणाली. “मूर्खासारखी मीच मध्ये घुसले म्हणून.”

तिने भेंडोळं उचललं, काखेत धरलं आणि डाव्या हाताने दार ओढून घेतलं.