आदर्श पाठ

हरसूलच्या पुढे, डोंगरात माझी शाळा आहे. चौथीत एक मुलगी होती. सगळ्या वर्गाबरोबर धडा घडाघडा म्हणायची. एकदा एकटीला उभं केलं, तेव्हा कळलं की तिला अक्षरओळखच नाही. इतरांच्या आवाजामागे ती आपला आवाज जोडून द्यायची. चौथीपर्यंत असंच निभावलं होतं.

दिवाळी झाली की तिचे आईवडील द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडे जात. यंदा धाकट्या भावाला सांभाळायला तिलाही नेणार होते. त्याआधी तिला वाचता यायला हवं, एवढंच मी धरून बसले. मधल्या सुट्टीत तिला शेजारी घ्यायची, तिच्याच घरातले शब्द पाटीवर लिहायची: आई, बकरी, नागली. हळूहळू ती साधं वाक्य अडखळत वाचू लागली. मला कोण आनंद झाला!

तेवढ्यात निरोप आला. मोठे साहेब येणार, गटपद्धतीचा आदर्श पाठ दाखवा. मग काय विचारता! पुठ्ठे कापा, शब्दपट्ट्या रंगवा, मुलांना गोल बसवा. मधल्या सुट्ट्या त्यातच गेल्या.

"सर, हिला अजून एकटीलाच शिकवावं लागेल," मी मुख्याध्यापकांना म्हटलं.

"गटात एखादं हुशार मूल असतंच की, मॅडम. कोणाला कळतंय?"

गटपद्धत वाईट नाही. मीही वापरते. पण पद्धत मुलांकडे बघून निवडायची की पाहुण्यांकडे? नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, अशी आमची गत. त्या दिवशी हुशार मुलीने वाचलं, बाकीच्यांनी सुरात सूर मिसळला, आणि त्यात हीसुद्धा होती. साहेब खूश होऊन गेले. पाठोपाठ दिवाळीची सुट्टी लागली.

शाळा उघडली त्या सकाळी खाली रस्त्यावर मजुरांची पिकअप उभी होती. ती मुलगी धावत वर आली आणि तिने आपलं पाठ्यपुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं.

"बाई, हे ठेवा. दुसऱ्या कुनाला होईल."

"अगं, तुझंच आहे ते. तिकडे वाचत जा."

"मला कुठं येतं वाचायला?"

"येतं गं. मी ऐकलंय."

"तवा तुमी शेजारी बसायच्या," ती म्हणाली. खालून आईची हाक आली, आणि ती पळत सुटली.