आबाकाकांचं सिलोन

धंद्यात माल दोन प्रकारचा. एक विकून संपतो, दुसरा अंगावर पडून राहतो. किस्से दुसऱ्या प्रकारातले. चहाची पेटी रिकामी झाली की नवी मागवावी लागते. किस्से मागवावे लागत नाहीत, गिऱ्हाईकच आणून टाकतं आणि वर म्हणतं, राहू द्या तुमच्याकडे. जर्मनीतल्या आखन गावच्या एका ट्रॅव्हल ब्युरोत माझ्याकडे असे बरेच साठले. त्यातले थोडे आज तुमच्या गळ्यात मारतो.

ब्युरो हेर केसलर यांचा. हेर म्हणजे आपल्याकडचं श्रीयुत. ते ऱ्हाइनच्या आणि इटलीच्या बससहली विकत. दाराजवळच्या टेबलावर मी सिलोनचा चहा विकायचो. डब्यावर हत्तीचं चित्र होतं. लोक चहा घेईनात, हत्तीची चौकशी करत. केसलर पक्के धंदेवाले. म्हणाले, "हेर नाना, चहा राहू द्या. हत्ती विका."

झालं. टेबलावर पाटी लागली, सिलोन! मी वेंगुर्ल्याचा. सिलोन उभ्या जन्मात पाहिलेलं नाही, हे मी त्यांना तेव्हाच सांगून टाकलं. ते म्हणाले, "मी तरी इटली कुठे पाहिलीय?"

*

पहिल्याच दिवशी केसलर कागद-पेन्सिल घेऊन बसले. "आल्झो, तर मग, तिथलं प्रसिद्ध काय?"

माझी शाळा चौथीत आटोपलेली. सिलोन म्हणजे लंका, एवढीच पुंजी. दहा तोंडांचा राजा सांगितला, सोन्याच्या विटा सांगितल्या. केसलर खूश. मग मलाच चेव आला आणि मी थेट मारुतीच्या शेपटीपर्यंत पोचलो. सगळं नगर जाळून टाकलं, म्हटलं.

केसलरची पेन्सिल थांबली. "आगीनंतर हॉटेलं पुन्हा बांधली ना? आणि ते माकड, ते पकडलं का?"

कोपऱ्यात पाटणकर बसला होता. हा पुण्याचा, इथल्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत शिकायला आलेला आणि संध्याकाळी माझ्याकडे फुकटचा चहा प्यायला येणारा. तो म्हणाला, "नाना, तुम्ही फक्त चहा करा. बाकीचं शिकल्यासवरलेल्या माणसावर सोडा."

"सोडलं," मी म्हटलं. "जा, बघून ये."

बहिणीच्या लग्नाला तो घरी निघालाच होता. परतीची वाट मी जरा वाकडी करून दिली. रेल्वेने धनुष्कोडी, तिथून बोटीने लंका, बेटभर फिरून रंगीत स्लाइड काढायच्या आणि कोलंबोहून जहाज पकडायचं. आधी मात्र वेंगुर्ल्याला जाऊन आमच्या आबाकाकांचाही एक फोटो काढून आणायचा. आबाकाकांनी मला वाढवलं. त्यांना मालवणीखेरीज भाषा नाही आणि हसण्याची सवय नाही. मी जर्मनीला निघालो तेव्हा सगळं घर रडत होतं. ते एकटे अंगणात उभे राहून म्हणाले होते, "मेल्या, घराक कदी येतलंस?" त्याचं उत्तर मी अजून दिलेलं नव्हतं.

*

पाटणकर आला आणि दर शुक्रवारी ब्युरोमागच्या खोलीत सिलोनच्या स्लाइडचा कार्यक्रम सुरू झाला. पहिल्या रांगेत समोरच्या बेकरीच्या मालकीणबाई, फ्राउ लेन्त्सेन. त्यांनी एकही शुक्रवार चुकवला नाही.

कँडीचं मंदिर पडद्यावर आलं. पाटणकर म्हणाला, "इथे बुद्धाचा दात जपून ठेवलाय."

एका दंतवैद्याने मागून विचारलं, "वरचा की खालचा?"

"तो दिसत नाही. डब्यात डबी, तिच्यात आणखी डबी, असा असतो."

"मग आहे हे कशावरून?"

खोलीत चुळबुळ सुरू झाली. पाटणकर घामाघूम. आता आखनच्या कॅथेड्रलमध्ये बाळ येशूची दुपटी जपलेली आहेत आणि ती सात वर्षांनी एकदा लोकांना दाखवतात, हे गावातलं पोरसुद्धा जाणतं. फ्राउ लेन्त्सेन मागे वळल्या. "आमच्याकडे दुपटी, त्यांच्याकडे दात. आया सगळीकडे सारख्याच, डॉक्टर. काही म्हणून टाकवत नाही."



*

सिगिरियाच्या खडकावर अप्सरा रंगवलेल्या आहेत. कमरेच्या वर दागिने भरपूर, कपड्यांची मात्र टंचाई. नेमकी तिथे स्लाइड दाखवायची मशीन अडकली. पाटणकर खटके ओढतोय, अप्सरा हलायला तयार नाही.

"पुढे चला," कुणाची तरी बायको म्हणाली.

"यंत्रावर जबरदस्ती करू नये," तिचा नवरा अंधारातून म्हणाला. तो इंजिनियर होता.

पुढच्या शुक्रवारी खोली पुरुषांनी भरली. पाटणकरने उभं राहून अभिमानाने जाहीर केलं, "मशीन दुरुस्त करून आणलीय."

असा सुस्कारा मी लग्नाच्या मांडवातही ऐकला नाही.

*

पण गर्दी वेगळी आणि बुकिंग वेगळं. एक दिवस केसलरनी मायोर्का या स्पेनच्या बेटाचं पोस्टर आणलं, गुंडाळलेलंच माझ्या टेबलाशेजारी उभं केलं आणि टाचण्यांची डबी वर ठेवली.

"हेर नाना, लोक तुमचा चहा पितात, तुमच्या अप्सरा बघतात आणि मायोर्काला जातात. मी एकच ग्रुप सिलोनला पाठवून बघतो. लोक खूश होऊन परतले तर टेबल तुमचं. नाहीतर हे पोस्टर इथे लागणार."

म्हणजे मी आणि माझे हत्तीचे डबे रस्त्यावर. आखनमध्ये मला दुसरं टेबल कोण देणार होतं?

त्या शुक्रवारी मी देवाला नमस्कार करून खोलीत शिरलो. कार्यक्रम शेवटाला आला. पाटणकर म्हणाला, "आणि आता दक्षिणेचा किनारा."

खटका वाजला. पडद्यावर आबाकाका.

नारळाखाली उभे. पंचा नेसलेले, एक हात कमरेवर, आणि कॅमेऱ्याकडे अशी नजर की नारळ आपणहून खाली पडावा. पाटणकरच्या हातून स्लाइडच्या डब्यांची अदलाबदल झाली होती. तो माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे.

"हा रागावलाय का?" फ्राउ लेन्त्सेननी विचारलं.

"हो," माझ्या तोंडून निघालं. "टूरिस्टांवर."

खोलीत टाळ्या. हा खरा माणूस, हा खरा किनारा, बाकी सगळं पोस्टकार्ड! दिवे लागले तेव्हा लोक केसलरच्या टेबलाशी रांग लावून उभे होते, आणि जो तो म्हणत होता, आम्हाला ती जागा बघायचीय.

*

सकाळी मी खरं सांगायला केसलरकडे गेलो. ते फोनवर होते. एक कान माझ्याकडे.

"हेर केसलर, तो नारळाखालचा माणूस. तो माझा काका आहे."

केसलरनी फोनवर हात ठेवला. चेहरा उजळला. "काका? मग ओळखीतच काम झालं!"

"पण ते सिलोनला नसतात. ते राहतात..."

"मग कळवा त्यांना, ग्रुप येईल तेव्हा हजर राहा म्हणावं." आणि ते पुन्हा फोनवर बोलू लागले.

दुपारी प्रॉस्पेक्ट, म्हणजे सहलीचं माहितीपत्रक, छापायला गेलं. मुखपृष्ठावर आबाकाका. आत कार्यक्रम होता. कँडी, सिगिरिया, अनुराधपूर, आणि शेवटच्या दिवशी 'हेर नानांच्या काकांची भेट'.

"नाना, आता काय करायचं?" पाटणकरने विचारलं.

"तू शिकलासवरलेला. तूच सांग."

*

निघायच्या आदल्या दिवशी फ्राउ लेन्त्सेन टेबलाशी आल्या. हातात दोन पुडकी. "तुमच्या काकांसाठी. आमच्या बेकरीचे प्रिंटेन." प्रिंटेन म्हणजे आखनची मसाल्याची बिस्किटं. चहात बुडवल्याशिवाय ती कुणाला दाद देत नाहीत, आणि आबाकाकांच्या तोंडात त्या दंतवैद्याला बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"आणि हे लोकरीचे मोजे. मी विणलेत. बिचारे अनवाणी उभे होते."

"फ्राउ लेन्त्सेन," मी म्हटलं, "काका कदाचित भेटणार नाहीत."

"भेटतील," त्या म्हणाल्या. "मी विचारत विचारत जाईन."

ग्रुप गेला. मी रोज टेबल मांडत होतो आणि त्या गुंडाळलेल्या पोस्टरकडे बघत होतो.

*

ग्रुप परतला त्या आठवड्यात सगळे पुन्हा त्याच खोलीत जमले. या वेळी स्लाइड त्यांच्या. मी दाराशी चहा घेऊन उभा. केसलरच्या काखेत मायोर्का, मुठीत टाचण्यांची डबी.

हत्ती आले, नदीत डुंबणारे. अनुराधपूरचा बोधिवृक्ष आला. फ्राउ लेन्त्सेन म्हणाल्या, "आपल्या कॅथेड्रलपेक्षा जुना आहे, आणि दुरुस्तीची वर्गणी मागत नाही." लोक हसले. मला हसू येईना.

"आणि आता शेवटचा दिवस," त्या म्हणाल्या.

खटका वाजला.

नारळाचं झाड. त्याखाली एक म्हातारा, पंचा नेसलेला, एक हात कमरेवर, काखेत प्रिंटेनचं पुडकं, पायात लोकरीचे मोजे. झावळीची सावली अर्ध्या चेहऱ्यावर. उरलेला अर्धा आमच्यावर संतापलेला.

टाळ्यांनी खोली दणाणली. पाटणकरच्या हातातली बशी खाली पडली. केसलरनी माझ्याकडे बघून मान हलवली, टाचण्यांची डबी खिशात घातली आणि पोस्टर दारामागे सरकवून दिलं. टेबल माझं झालं होतं.

हे आबाकाकाच की दुसरा कुणी, ते बघायला मी पडद्याजवळ गेलो. जवळ गेल्यावर स्लाइडमध्ये काही दिसत नाही, नुसते रंग.

"हेर नाना," फ्राउ लेन्त्सेन म्हणाल्या, "फार विचारावं लागलं, बोट झाली, रेल्वे झाली, पण भेटले. त्यांना जर्मन येत नाही, मला त्यांची भाषा येत नाही. तुमचं नाव घेतलं तेव्हा एकच वाक्य बोलले. मी विसरेन म्हणून माझ्याकडून घोकून घेतलं."

त्यांनी पर्स मांडीवर ठेवली, डोळे मिटले आणि आखनच्या जाड उच्चारात, एकेक अक्षर सांभाळत म्हटलं,

"मेल्या, घराक कदी येतलंस?"