जेवणानंतरची सुनावणी

आमच्या गावात एक गोष्ट कडक पाळतात. ज्याच्या घरी जेवलात, त्याच्याशी त्या दिवशी भांडायचं नाही. बांधाचं भांडण असो नाहीतर सोयरिकीचं, एकदा घास पोटात गेला की तोंडाला कुलूप. मी लग्न होऊन आले तेव्हा मला याचं फार हसू यायचं. माझं माहेर वाशिंदचं. तिथे आम्ही जेवूनही भांडायचो आणि भांडूनही जेवायचो.

गाव किन्हवलीच्या आतल्या अंगाला, माळाच्या पायथ्याशी. माळावर एक कारखाना होता आणि त्याचं स्वतःचं वीजघर होतं, तेलावर चालणारं. त्याची घरघर ऐकू यायची, एवढंच. गावातली निम्मी पोरं तिथेच कामाला होती, त्यामुळे त्या घरघरीबद्दल कुणी अवाक्षर काढत नसे. मग नव्वदचं दशक संपता संपता कंपनीने ठरवलं की तेल परवडत नाही, वीजघर कोळशावर चालवायचं. कोळसा जाळला की राख आली, आणि राख आली की ती साठवायला खड्डा आला. हा खड्डा त्यांनी माळाच्या आमच्या बाजूच्या उतारावर आखला होता, आणि त्या उताराच्या बरोबर खाली आमची विहीर.

आता विहिरी गावात आणखीही होत्या, पण मे महिन्यात त्या सगळ्या तळ दाखवायच्या. ही एकच पाणी द्यायची. सगळं गाव त्या दिवसांत तिच्यावर जगायचं, गुरांसकट. वरची राख पहिल्याच पावसाळ्यात धुपून विहिरीत उतरणार, हे कळायला काही कॉलेज शिकावं लागत नाही.

सरकारचा नियम असा की एवढा मोठा बदल करायचा तर आधी लोकांना विचारायचं. सगळ्यांना बोलवायचं, साहेबांसमोर ज्याला जे म्हणायचंय ते म्हणू द्यायचं. याला जनसुनावणी म्हणतात. मी गावात अंगणवाडी चालवायचे, दहावी शिकलेली, तेव्हा नोटीस वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. वाचून झाल्यावर मी सगळ्यांना बजावलं, तिथे जाऊन माना हलवायच्या नाहीत, बोलायचं. सगळे म्हणाले, बोलू की. आमचे हे तर म्हणाले, "मी पयला उभा राहीन." यांचं बोलणं म्हणजे नेहमीचंच, बोलाचीच कढी.

सुनावणी शहापूरला एका मंगल कार्यालयात होती. सकाळी दारात टेंपो उभा राहिला, तोही कंपनीने पाठवलेला. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. तिथे पोचलो तर कमानीला कुणाच्या तरी लग्नाच्या माळा तशाच, आत टेबलं मांडलेली आणि पंगत तयार. पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, जिलेबी. कंपनीचे मॅनेजर स्वतः वाढायला उभे. मोठा गोड माणूस, प्रत्येकाला आग्रह करत होता. "आधी जेवून घ्या, मग निवांत बोलू."

आणि जेवलो की आम्ही! वाढलेल्या ताटाला नको म्हणायचं नाही, हेही आमच्यात आहेच. मी जेवले. आमच्या यांनी तर जिलेबी तीनदा मागून घेतली. माझ्या सासूबाई बाहेरचं सहसा खात नसत. कुठेही निघाल्या तरी तांदळाची भाकरी आणि लसणाची चटणी फडक्यात बांधून बरोबर असायची. पण मॅनेजर हात जोडून समोर उभे राहिले, तेव्हा त्यांनीही दोन पुऱ्या खाल्ल्या.

मग सुनावणी सुरू झाली. व्यासपीठावर मधे सरकारी साहेब, बाजूला मॅनेजर. कंपनीच्या एका माणसाने तासभर पडद्यावर चित्रं दाखवली. चिमणी, कोळसा, झाडं, हसणारी मुलं. साहेबांनी विचारलं, "कोणाची काही हरकत, काही सूचना?"

अळीमिळी गुपचिळी. कुणी छताकडे बघतंय, कुणी पायाच्या अंगठ्याकडे. मी यांना कोपराने ढोसलं, तर यांनी खोकल्यासारखं केलं. शेवटी मीच उठले. तोंड उघडते न उघडते तोच मागून गावचे पाटीलबाबा, आमच्यातले सगळ्यांत जुने, हळूच म्हणाले, "बस गो. आताच त्यांचा जेवलीस ना?"

मला असा संताप आला म्हणून सांगू! विहीर जाते आहे आणि यांना पुऱ्या आठवताहेत. पण खरं सांगायचं तर मलाही त्या पुऱ्या आठवल्या. इतक्या वर्षांत ती रीत माझ्याही अंगात मुरली होती. मी बसले. साहेबांनी पुन्हा विचारलं, "नक्की कोणाची हरकत नाही?" आणि त्यांचा हात समोरच्या कागदांकडे गेला. झालं, संपलं, असं मला वाटलं. रडूच यायला लागलं.

तेवढ्यात सासूबाई उठल्या. पदर खोचला, फडकं काखेला मारलं आणि सरळ व्यासपीठावर चढल्या. शिपाई अडवायला आला तर त्याला म्हणाल्या, "हो बाजूला, मी काय चोर हाय?" मॅनेजरांच्या पुढ्यात त्यांनी फडकं सोडलं. भाकरीचा तुकडा मोडला, चटणी लावली आणि पुढे केला.

"खा."

मॅनेजर गोंधळले. हसले. "आजी, माझं जेवण झालंय."

"आमचाबी झालता. तरी तुमी वाढलात, आमी खाल्ला. आता मी वाढते, तुमी खा."

आता नको कसं म्हणणार? सगळं कार्यालय बघत होतं. त्यांनी घास तोंडात टाकला. आमच्या सासूबाईंची चटणी म्हणजे काय ते आम्हालाच माहीत. माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंनी घास गिळेपर्यंत वाट पाहिली, मग हात झटकले.

"फिटला," त्या म्हणाल्या आणि साहेबांकडे वळल्या. "साहेब, यांचा खड्डा आमच्या हिरीच्या डोक्यावर हाय. पावसात राख खाली येल. ती हीर गेली तर मे महिन्यात आमी प्यायचा काय? गुरांना पाजायचा काय? आमाला तो खड्डा तिथं नको."

एवढंच बोलल्या. पण मग जे काही झालं ते मी जन्मात विसरणार नाही. पाटीलबाबा काठी टेकत वर गेले, सासूबाईंकडून भाकरीचा तुकडा घेतला, मॅनेजरांना भरवला आणि बोलायला लागले. त्यांच्या मागे रांगच लागली. मी गेले, मीही भरवला. आमचे हे गेले. मॅनेजर घामाघूम, एका हातात पाण्याचा ग्लास. साहेबांना आधी काही उमजेना, मग पाटीलबाबांनी रीत समजावून सांगितली तेव्हा त्यांनी तोंडावर रुमाल धरला. हसत होते, पण ऐकतही होते. सगळं लिहून घ्यायला लावलं. भाकरी संपली तरी माणसं संपेनात, तेव्हा सासूबाईंनी चटणीचं बोट पुढे केलं आणि मॅनेजर चक्क दोन पावलं मागे सरले.

साहेबांनी तिथेच विचारलं, "खड्डा दुसरीकडे नेता येईल का?"

मॅनेजर डोळे पुसत म्हणाले, "येईल. माळाच्या पलीकडच्या उतारावर जागा आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. परत येताना टेंपोत गाणी काय, थट्टा काय. सासूबाईंना लोकांनी पुढच्या सीटवर बसवलं. आणि कंपनीने शब्द पाळला, हे सांगायला हवं. परवानगी आली ती त्याच अटीवर. वीजघर कोळशावर सुरू झालं, आमच्या बाजूला राखेचा कणही आला नाही. विहीर होती तशी राहिली.

माळाच्या पलीकडच्या उताराखाली ठाकर आदिवासींची वाडी आहे. थोडी घरं आणि एक झरा, त्यावर त्यांचं सगळं. दुसऱ्या उन्हाळ्यात वाडीच्या बाया हंडे घेऊन आमच्या विहिरीवर आल्या. त्यांच्यातल्या एका म्हातारीने हंड्याच्या तळाशी राहिलेलं झऱ्याचं पाणी आम्हाला ओतून दाखवलं. राखाडी होतं, आणि बोटांना चिकटत होतं. आमच्यातली एक बाई कुरकुरली, आपल्यालाच पुरायचं नाही. सासूबाई तिच्यावर अशा कडाडल्या की पुन्हा कुणी तोंड उघडलं नाही. वाडीच्या बायांनी आधी पाणी भरलं. त्या रात्री सासूबाई जेवल्या नाहीत. मला म्हणाल्या, "उद्या म्हातारीला घेऊन जाऊ. मला नीट झोप लागाची नाय."

आम्ही तिघी शहापूरला कचेरीत गेलो. साहेब बदलले होते. नवे साहेबही भले होते, खुर्च्या दिल्या, सगळं शांतपणे ऐकून घेतलं, कपाटातून फाइल काढायला लावली आणि बराच वेळ पानं चाळली.

"त्या वाडीकडून एकही हरकत आलेली नाही," ते म्हणाले. "सुनावणी रीतसर झाली आहे. ज्यांना बोलायचं होतं ते बोलले. आता मी काय करू, सांगा."

सासूबाईंनी पदर खोचला आणि परत सोडला. म्हातारीला साहेबांचं बोलणं पुरतं कळलं नव्हतं. तिने माझा पदर ओढला आणि साहेब काय म्हणाला ते विचारलं. मी सांगितलं, "आजी, सुनावणीच्या दिवशी तुमच्यातलं कुणी आलं नव्हतं. म्हणून तुमची काही हरकत नाही असं धरलं."

"कवा होती ती?"

"आम्ही सगळे टेंपोने मंगल कार्यालयात गेलो होतो, तेव्हा."

तिला आठवलं. टेंपो तिने पाहिला होता, लाकडाची मोळी घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहून, आणि पंगतीचं नंतर ऐकलं होतं. तिने आमच्या दोघींच्या तोंडाकडे पाहिलं, रागाने नाही.

"तुमाला जेवायला नेलता, तो दिस ना?" ती म्हणाली. "आमाला कोनी जेवायला पन नाय बोलावला."