आधी कॉपी, मग बारसं!

पावसाळ्यात खाण बंद पडते, पण आमच्या पाळी गावच्या खाण-ऑफिसातले किस्से काही बंद पडत नाहीत. दोघं जण चहाला भेटले की एक नवा निघतोच! हे त्यातले, गोवा नुकतंच राज्य झालं तेव्हाचे.

आमचे हेडक्लार्क बाबुराव पोर्तुगीज शाळेत शिकलेले. नव्या कॉम्प्युटरात कामगारांचं टेबल केलं, तेव्हा गावाच्या कॉलमला त्यांनी पोर्तुगीज नाव दिलं, 'आल्देया'! साहेब उसळले, "अहो, आता आपल्याला राज्य मिळालं! बदला ते!"

हळर्णची सुलभा आमची ऑपरेटर. तिने चुटकीसरशी 'गाव' करून टाकलं. साहेबांनी पेढे मागवले, ऐटीत रिपोर्ट काढला, तर त्यात एकही गाव नाही! रिपोर्ट बिचारा अजून 'आल्देया'च शोधत होता.

बाबुराव शांतपणे म्हणाले, "राज्य मेळ्ळें, पूण गांव गेले!"

*

पुढच्या खेपेला तर कहर! त्या कॉलमचं नाव पुन्हा बदलताना सुलभाने त्याची रुंदीही वाढवली. दोन्ही एकदम केलं की ते मशीन जुना कॉलम टाकून कोरा आणायचं. झालं, सगळी गावं साफ! अख्खं ऑफिस पुन्हा टाइप करायला बसलं.

आमचा स्टोअरकीपर पाटील कोल्हापूरचा. त्याने भिंतीवर खडूने लिहिलं, 'आधी कॉपी, मग बारसं!' तेव्हापासून सुलभा कीबोर्डजवळ गेली रे गेली की हा गोदामातून ओरडणार, "कॉपी काढली का वो?"

*

एक दिवस सुलभा रडवेली. तिचं लग्न केरीला ठरलं होतं.

"सासरी माझं नाव बदलून रूपाली करणार म्हणतात. मला माझंच हवंय हो! पण नव्या सुनेनं बोलायचं कसं?"

"काळजी कशाला? आम्ही हाय की लग्नाला!" पाटील म्हणाला.

"तीच तर काळजी!" साहेब म्हणाले.

*

लग्नाला आम्ही सगळे केरीला. तांदळाचं ताट आलं. नवरदेव अंगठीने नवं नाव लिहायला वाकला आणि मागून गर्जना झाली, "आधी कॉपी काढा!"

सासूबाईंनी सुनेला विचारलं, "कसली गो कॉपी?"

सुलभा मान खाली घालून म्हणाली, "नाव बदलायच्या आधी जुनं जपून ठेवतात. नाहीतर ते कायमचं जातं."

सासूबाईंनी मुलाच्या हातातून अंगठी घेतली आणि तांदळात स्वतः लिहिलं, 'सुलभा'. आम्ही टाळ्या पिटल्या! पण त्या थांबल्या नाहीत. खाली, कोपऱ्यात, त्यांनी आणखी एक जुनं नाव लिहिलं, 'शेवंती'.

नवरदेव वाकून बघत म्हणाला, "आई, ही कोण गो?"