जास्वंदीचा कागद

शिवाजीनगरात लोकांच्या साड्यांना फॉल लावता लावता मी स्वतःचं साड्यांचं दुकान उभं केलं. तिथे एक गोष्ट शिकले: गिऱ्हाईक पायरी उतरलं तरी भाव सोडायचा नाही, ते वळून येतं. अण्णाशी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाशीही, मी तशीच वागले.

जे. पी. नगरच्या त्याच्या घरापुढे आईने लावलेली जास्वंद होती. गाडीला जागा हवी म्हणून ती काढायची ठरली. मी फोनवर भांडले, तर म्हणाला, "स्वल्प अड्जस्ट कर गं." ते इथलं कानडी 'थोडं' मला अजून टोचतं. झाड तोडलं त्या सकाळी जाऊन मी होती तेवढी फुलं आणि एक फांदी उचलून आणली. वहिनीने देवाला दोन मागितली, तीही दिली नाहीत.

माझ्या लेकीला झाडांच्या रसाने चित्रं उमटवायचा नाद आहे. तिने पाकळ्या वाटून रस कागदाला लावला, अंधारात वाळवला, वर ती फांदी ठेवून काच दाबली आणि गच्चीवर उन्हात ठेवलं. उघडा रंग उन्हाने खाल्ला, फांदीखालचा राहिला. मी सारखी काच उचलून बघायचे. लेक चिडायची, उन्हाशी घासाघीस चालत नाही म्हणायची. शेवटी फिक्या कागदावर जांभळट फांदी उमटली, पानांच्या दातेरी कडांसकट.

"हा रंग पक्का होत नाही, आई," ती म्हणाली. "कपाटात ठेव. स्वल्पच बघायचं."

मी तो दारासमोरच्या भिंतीवर लावला, अण्णाला आत येताच दिसावा म्हणून. येऊ का, असं त्याने फोन करून विचारलंही. आधी चूक कबूल कर, मग ये, असं मी सांगितलं. त्याने फोन ठेवला. वळून येईल, म्हणून मीही थांबले. खिडकीतलं ऊन थेट त्या भिंतीवर पडायचं, ते मला दिसत होतं. पण कागद उतरवणं म्हणजे भाव उतरवणं वाटलं.

दिवाळीनंतर तो न विचारताच आला. चपला काढून सरळ भिंतीपाशी गेला. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. कागदावर देठाएवढी एक रेघ उरली होती.

"मला स्वल्प उशीर झाला," तो म्हणाला. "तोडताना बघवणार नाही म्हणून त्या दिवशी ऑफिसात जाऊन बसलो होतो. शेवटची फुलं कशी होती गं?"

"लालच," मी म्हणाले. समोर नसलेल्या साडीचं वर्णन करून ती विकणारी मी. पुढचा शब्द सुचला नाही.